पॅनवर एक नाव, आधारवर दुसरे: खानापूर तालुक्यातल्या एका रिटर्नचे प्रकरण

कर शून्य, आणि तरी बँकेने ठेवीच्या व्याजातून २२,००० रुपये कापलेले. ते परत मिळवायला आयकराचे रिटर्न भरायला बसले, तर पोर्टलने पहिल्याच दिवशी पाच वेगवेगळ्या चुका दाखवल्या. घरच्यांनी संगणक बंद केला. या प्रकरणात त्या पाचही चुकांचा माग काढला आहे.

रिटर्न भरणाऱ्या बाई ६७ वर्षांच्या, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका गावात राहणाऱ्या. पती मराठी प्राथमिक शाळेत शिक्षक होते. त्यांच्या पश्चात बाईंना कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. घरचा थोडा ऊस कारखान्याला जातो. मुदत ठेव बेळगावातल्या एका बँकेत, पेन्शनचे खाते दुसऱ्या बँकेत. मुलगा नोकरीनिमित्त पुण्याला. प्रकरण नमुन्यादाखल मांडले आहे: आकडे आणि तारखा हिशेबाला सोप्या घेतल्या आहेत, आणि नाव सुनीता, मधले नाव मारुती, आडनाव पाटील असे धरले आहे. अडचणी मात्र अशाच येतात, आणि बहुधा एकीच्या पोटातून दुसरी निघते.

वर्ष २०२४-२५, म्हणजे असेसमेंट इयर (कर आकारणीचे वर्ष) २०२५-२६. हे रिटर्न १९६१ च्या आयकर कायद्याखालचे आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलतात, पण जुन्या वर्षांना जुनाच कायदा लागतो.

आधी हिशेब, मग पोर्टल

पोर्टल उघडण्याआधी वहीत हिशेब मांडला तर निम्मा गोंधळ टळतो, कारण चूक आकड्यात आहे की नोंदीत हे लगेच कळते. बाईंची पेन्शन महिन्याला २६,००० रुपये, वर्षाची ३,१२,०००. कुटुंब निवृत्तिवेतनातून एक तृतीयांश किंवा २५,००० यांपैकी कमी असेल ती रक्कम वजा होते. ही २५,००० ची मर्यादा नव्या करपद्धतीतली, जुन्या पद्धतीत ती १५,००० आहे. वजावटीनंतर २,८७,००० उरतात. मुदत ठेवीचे व्याज १,१०,०००, बचत खात्याचे ६,०००. एकूण करपात्र उत्पन्न ४,०३,०००.

उसाचे बिल २,७०,००० आले. लागण, खत, पाणी, तोडणीच्या वेळची देणी मिळून खर्च ९०,०००. निव्वळ शेती उत्पन्न १,८०,०००. शेती उत्पन्नावर कर नाही, पण ते ५,००० च्या वर असेल आणि बाकीचे उत्पन्न करमुक्त मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर कराचा दर ठरवताना ते मोजले जाते. म्हणून कर असा निघतो: दोन्ही उत्पन्ने मिळून ५,८३,००० वर नव्या पद्धतीने १४,१५०, त्यातून ४,८०,००० (करमुक्त मर्यादेचे ३,००,००० अधिक शेतीचे १,८०,०००) वरचा ९,००० वजा, उरले ५,१५०. कलम ८७ए ची सूट त्या वर्षी ७ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला होती, तिच्यात हे ५,१५० पूर्ण जातात. कर शून्य.

आता टीडीएस, म्हणजे व्याज देतानाच बँकेने कापून सरकारात भरलेला कर. ज्येष्ठ नागरिकाला त्या वर्षी ५०,००० च्या वर व्याज गेले की बँक १० टक्के कापते. इथे ११,००० कापायला हवे होते. १५एच फॉर्म (कर लागत नाही, म्हणून कापू नका असे ज्येष्ठांनी बँकेला लिहून द्यायचा) वेळेत आणि चालू पॅनसह दिला असता तर काहीच कापले गेले नसते. प्रत्यक्षात कापले २२,०००, म्हणजे २० टक्के. पहिला धागा इथेच सापडतो. वीस टक्के कापणी ही बहुतेक वेळा पॅन निष्क्रिय असल्याची खूण असते. आधारशी न जोडलेले पॅन १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय धरले जाते, आणि अशा पॅनवर १५एच दिला तरी तो चालत नाही.

घरच्यांनी आधी बँकेकडेच पैसे मागितले. "कापलेत तुम्हीच, तर परत द्या की तुम्हीच." मागणी साहजिक आहे, पण कापलेली रक्कम सरकारात जमा झालेली असते आणि मार्च तिमाहीचे टीडीएस विवरण मे अखेरीपर्यंत गेलेले असते. त्यानंतर ती रक्कम फक्त रिटर्नमधून परत मिळते. बँकेच्या फेऱ्यांत गेलेला वेळ वाया जातो.

पाच संदेश, आणि एकच प्रश्न

पहिल्या दिवशी दिसलेले संदेश साधारण असे. लॉगिन करताच: पॅन निष्क्रिय आहे, काही सुविधा मिळणार नाहीत. आधार जोडायला गेले तर: नाव जुळत नाही. रिफंडसाठी बँक खाते जोडले तर: व्हॅलिडेशन फेल. आयटीआर-१ या रिटर्नच्या साध्या फॉर्ममध्ये उसाचे उत्पन्न घातले तर फॉर्म पुढेच जाईना. आणि एआयएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडे आलेल्या माहितीच्या वार्षिक पत्रकात, ठेवीचे व्याज १,१०,००० ऐवजी दोन ओळींत मिळून २,२०,००० दिसत होते.

हे संदेश वाचून माणूस समोरच्या रकान्यात खाडाखोड करतो. स्पेलिंग बदलून पाहतो, ब्राउझर बदलतो, रात्री उशिरा पुन्हा प्रयत्न करतो. त्याने क्वचितच काही होते. रकाना फक्त चूक दिसण्याची जागा असतो. चूक असते दोन कार्यालयांतल्या दोन नोंदी एकमेकींशी न जुळण्यात. पॅनची नोंद आयकर खात्याकडे, आधारची आधार प्राधिकरणाकडे, खात्याची बँकेकडे, आणि टीडीएसची नोंद कापणाऱ्याने पाठवलेल्या विवरणात. म्हणून प्रत्येक संदेशाला एकच प्रश्न विचारायचा: इथे कुठल्या दोन नोंदी ताडून पाहिल्या जात आहेत? उत्तर मिळाले की कुठल्या दारात जायचे ते ठरते. पोर्टलवर खटपट करायची वेळ त्यानंतर येते.

नावाची गाठ

हा सगळ्यांत अवघड भाग, आणि बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यातल्या मराठी घरांना सर्रास छळणारा. कर्नाटकात नावे रोमन लिपीत लिहिताना दंत्य 'त' साठी 'टीएच' लिहायची रीत आहे, नुसता 'टी' हा 'ट' साठी ठेवतात. मराठी माणूस सुनीता लिहिताना 'टीए' लिहितो, आधार केंद्रातला ऑपरेटर सवयीने 'टीएचए' लिहितो. लता, सविता, मारुती, गणपती, सगळ्यांचे तेच. ही कुणाची चूक म्हणता येत नाही. दोन भाषांच्या दोन लेखनपद्धती आहेत. दुसरी रीत आडनावाची. कर्नाटकात बऱ्याच घरांत स्वतःचे नाव आणि पुढे वडिलांचे किंवा पतीचे नाव एवढेच लिहितात, आडनाव गळते किंवा एका अक्षरावर येते.

बाईंच्या पॅनवर सुनीता मारुती पाटील, सगळीकडे साधा 'टी'. आधारवर 'टीएच' घालून सुनीता, 'टीएच' घालून मारुती, आणि आडनाव नाहीच.

'लिंक आधार' पानावर नावाची ताडणी दोनदा होते, आणि दोन्ही वेळचे संदेश एकसारखे दिसतात. घोळ इथेच होतो. पहिली ताडणी: तुम्ही टाइप केलेले नाव आधारच्या नोंदीशी. या रकान्यात आधारवर जसे आहे तसेच, अक्षर न् अक्षर, नाव लिहायचे असते. घरच्यांनी पॅनवरचे नाव घातले, म्हणून पहिला नकार आला. आधारवरचे नाव घातल्यावर पुढचा टप्पा आला आणि पुन्हा नकार. ही दुसरी ताडणी, आधारची नोंद विरुद्ध पॅनची नोंद. इथे टाइप करण्यावर काही अवलंबून नसते. दोन्ही वेळा संदेश तोच वाटल्याने घरच्यांनी आठ-दहा वेळा वेगवेगळ्या स्पेलिंगने प्रयत्न केले.

फरक एखाद्या अक्षराचा असता तर आधारच्या ओटीपीवर काम निघण्याची शक्यता होती. इथे दोन नावांचे स्पेलिंग वेगळे आणि आडनाव गायब. शिवाय आधारला जोडलेला मोबाइल दिवंगत पतीचा, तो नंबर कधीच बंद झालेला. ओटीपी येणार तरी कुठे?

दुरुस्ती पॅनची करायची की आधारची? हा निर्णय घाईने घेऊ नये. पॅन केंद्रावरचा माणूस लगेच म्हणतो, पॅन बदलून आधारसारखे करून टाकू. ते सोपे आहे. पण मग पॅनवर 'टीएच' येते आणि पेन्शनचा आदेश, बँकेची केवायसी, ठेव पावती सगळीकडे साधा 'टी' राहतो. आज आधारशी जुळले तरी उद्या बँकेशी जुळत नाही. आमची शिफारस अशी: घरातली सगळी कागदपत्रे एका ओळीत मांडा, ज्या स्पेलिंगच्या बाजूला जास्त कागद असतील ते ठेवा, आणि वेगळा पडलेला कागद बदला. इथे पॅन, बँक आणि पेन्शन एका बाजूला, आधार एकटे. म्हणून आधार बदलायचे ठरले.

आधारवरचे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, त्यामुळे एकाच फेरीत ते पूर्ण आणि बरोबर करून घ्यायला हवे. पॅन कार्ड ओळखीचा पुरावा म्हणून चालते, आणि त्यावर हवे तेच पूर्ण नाव होते. त्याच फेरीत मोबाइल नंबर बदलून बाईंचा स्वतःचा घातला. नाव, मोबाइल अशा माहितीतले एकाहून अधिक बदल एकाच वेळी केले तर शुल्क एकदाच लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये ते ५० रुपये होते, १ ऑक्टोबर २०२५ पासून ७५ झाले. केंद्रातून निघण्याआधी पावतीवरचे रोमन स्पेलिंग एकेक अक्षर बोटाने वाचून पाहायचे. पडद्यावर नाव आपोआप कन्नडमध्ये उमटते, त्या ओळीतही चूक नको हे खरे, पण आयकराची ताडणी रोमन नावाशी होते. ऑपरेटरला तोंडी नाव सांगू नये. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून समोर ठेवावे आणि "पाटीलच्या आधी मारुती, टी-आय, एच नको" असे स्पष्ट सांगावे.

जन्मतारखेचा फरक असता तर गोष्ट आणखी कडक होती. बऱ्याच वयस्कर लोकांच्या आधारवर नुसते वर्ष आहे किंवा १ जानेवारी घातलेली आहे. नुसते वर्ष असेल तर जोडणीच्या पानावर तशी चौकट आहे, तिच्यावर खूण करायची. चुकीची पूर्ण तारीख असेल तर मात्र एका बाजूची दुरुस्ती करावीच लागते, आणि आधारवरची जन्मतारीख एकदाच बदलता येते. नाव किंवा तारीख दोन्हीकडे बदलणे शक्यच नसेल तर पॅन सेवा केंद्रांवर बोटाच्या ठशाने ओळख पटवून जोडणी करण्याची सोय आहे. आणि वर्षात कधीही वयाची ८० पूर्ण झालेल्यांना जोडणीतून सूटच आहे. त्यांनी उशिराच्या जोडणीचे १,००० रुपये भरायची घाई करू नये.

पत्त्याची काळजी मात्र करू नका. पॅनवर बेलगाम, आधारवर बेळगावी, पासबुकवर आणखी तिसरेच, असे असते. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचे सरकारी नाव बदलले, तेव्हापासून हे चालूच आहे. जोडणीत पत्ता ताडला जात नाही.

हजार रुपये कुठे भरायचे

उशिराच्या जोडणीचे शुल्क १,००० रुपये. ते आधार दुरुस्तीची वाट न पाहता त्याच आठवड्यात भरले, कारण भरलेली रक्कम पोर्टलवर दिसायला काही दिवस लागू शकतात. पायऱ्या: 'ई-पे टॅक्स', पॅन दोनदा, मोबाइल, ओटीपी, मग 'इन्कम टॅक्स' ही चौकट. असेसमेंट इयर २०२६-२७ निवडायचे. इथे नेहमी चुकते. रिटर्न असेसमेंट इयर २०२५-२६ चे असले तरी शुल्क भरण्याची तारीख २०२५-२६ या आर्थिक वर्षातली आहे, त्याचे असेसमेंट इयर पुढचे. पेमेंटचा प्रकार 'अदर रिसीट्स', क्रमांक ५००, आणि उपप्रकारात पॅन-आधार जोडणीच्या विलंबाचे शुल्क. सवयीने ३०० क्रमांकाचा सेल्फ असेसमेंट टॅक्स निवडला तर पैसे सरकारात जातात पण जोडणीच्या पानावर "पेमेंट सापडले नाही" असेच येत राहते.

६ ऑगस्टला आधार केंद्रात अर्ज, ८ ला शुल्क, २० ला आधारवर नवे नाव, २१ ला जोडणीची विनंती. २६ ला 'लिंक आधार स्टेटस' मध्ये पॅन जोडलेले दिसले. तरीही पॅन लगेच चालू होत नाही. नियमात त्यासाठी ३० दिवसांपर्यंतचा अवधी आहे. इथे ५ सप्टेंबरला पॅन चालू दिसले. मधल्या दिवसांत रोज लॉगिन करून तोच संदेश पाहत बसण्यापेक्षा बँकेचे काम उरकले.

त्या वर्षी रिटर्नची मुदत १५ सप्टेंबर आणि शेवटी १६ सप्टेंबरपर्यंत वाढली होती, म्हणून थांबणे परवडले. मुदत दोन दिवसांवर असती तर निष्क्रिय पॅनवरच रिटर्न भरून टाकायला सांगितले असते. तसे भरता येते. रिफंड तेवढा अडकतो. उशीर केला तर मात्र विलंब शुल्क लागते, ५ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला १,००० रुपये.

पासबुक जुने, खाते दोघांचे

पेन्शनचे खाते पूर्वी सिंडिकेट बँकेत होते. ही बँक १ एप्रिल २०२० ला कॅनरा बँकेत विलीन झाली आणि १ जुलै २०२१ पासून जुने आयएफएससी कोड बंद झाले. आपल्या भागात सिंडिकेटच्या शाखा भरपूर होत्या, आणि पेन्शनरांच्या कपाटात तीच पासबुके अजून आहेत. पोर्टलवर भरलेला कोड एसवायएनबी ने सुरू होणारा होता. नव्या कोडची पहिली चार अक्षरे सीएनआरबी, पण पुढचे आकडेही बदललेले आहेत. नुसती अक्षरे बदलून कोड बनवू नये. शाखेतून नवे पासबुक छापून घ्यावे किंवा नव्या चेकवरून कोड घ्यावा.

नवा कोड घातला. पुन्हा नकार, मात्र या वेळी कारण वेगळे: खात्याशी हा पॅन जोडलेला नाही. खाते पती-पत्नी दोघांचे होते, पहिले नाव पतीचे, म्हणून बँकेच्या नोंदीत पॅनही पतीचा. पती वारल्यावर खाते बाई वापरत राहिल्या, पेन्शन जमा होत राहिली, नोंद मात्र तशीच. शाखेत मृत्यू दाखला, बाईंचे पॅन, दुरुस्त आधार आणि अर्ज देऊन पतीचे नाव कमी केले, बाईंचे पहिले केले, पॅन आणि मोबाइल नंबर नोंदवला. आधार आधी दुरुस्त केल्याचा फायदा इथे झाला. बँकेत पूर्ण नाव एकाच स्पेलिंगने गेले.

त्यानंतर 'माय प्रोफाइल' मधल्या 'माय बँक अकाउंट' वर जाऊन जुनी फसलेली नोंद काढली आणि खाते नव्याने जोडले. 'व्हॅलिडेटेड' आले की रिफंडसाठीचे बटण चालू करायला विसरू नये. ते न केल्याने रिफंड अडकलेली माणसे पुष्कळ आहेत. बँकेतला आणि पोर्टलवरचा मोबाइल एकच असेल तर खात्यावरून ईव्हीसी (रिटर्नच्या पडताळणीचा कोड) काढता येतो. एक सूचना सोसायटी आणि सौहार्द सहकारी संस्थांच्या सभासदांसाठी: तिथल्या खात्यावर उसाचे बिल जमा होत असले तरी रिफंडसाठी बँकेचेच खाते द्यावे.

पोर्टलवरचा मुख्य मोबाइल आणि ईमेलही तपासला. तो सेवा केंद्रवाल्याचा निघाला, पूर्वी कधीतरी लॉगिन करून देताना त्याने स्वतःचा घातला होता. आता बाईंचा नंबर मुख्य, मुलाचा दुसरा.

फॉर्म

नोंदी जुळल्यावर फॉर्मचे काम तासाभराचे होते. आयटीआर-१ अडकण्याचे कारण सरळ: शेती उत्पन्न ५,००० पेक्षा जास्त असेल तर तो फॉर्म चालत नाही. इथे पुष्कळ जण ५,००० लिहून पुढे जातात. तसे करू नये. कारखान्याचे पैसे बँकेत जमा होतात, आणि खोटे विधान सहीखाली राहते. आयटीआर-२ घ्यायचा. त्यातल्या करमुक्त उत्पन्नाच्या भागात एकूण शेती उत्पन्न २,७०,०००, खर्च ९०,०००, निव्वळ १,८०,००० असे भरले. निव्वळ शेती उत्पन्न ५ लाखांच्या वर असेल तर जिल्हा, पिनकोड, जमीन किती, स्वतःची की खंडाने, बागायत की जिरायत हेही विचारतात. तिथे उताऱ्यावरचे २ एकर २० गुंठे २.२० असे लिहू नये. ४० गुंठ्यांचा एकर, म्हणजे ते २.५० होतात.

कुटुंब निवृत्तिवेतन पगारात घालायचे नाही. पगारात घातले तर ७५,००० ची वजावट मिळते असे दिसते आणि मोह होतो, पण ही वजावट निवृत्त कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या पेन्शनला आहे, त्याच्या पत्नीला मिळणाऱ्या पेन्शनला नाही. ती 'इतर उत्पन्न' मध्ये, यादीतून 'फॅमिली पेन्शन' निवडूनच भरायची. यादीतून न निवडता साधे इतर उत्पन्न म्हणून ३,१२,००० घातले की खाली २५,००० ची वजावट फॉर्म घेत नाही. व्याजाची ८०टीटीबी वजावट नव्या करपद्धतीत मिळत नाही, म्हणून तो रकाना बंद दिसतो. ती चूक समजू नये.

एआयएसमधले दुप्पट व्याज ही चूक वाटते, पण तिथे एकच व्याज दोन वाटांनी आलेले आहे. बँकेने टीडीएसच्या विवरणात एकदा कळवले आणि व्याजाच्या वार्षिक माहितीत एसएफटी-०१६ या क्रमांकाखाली पुन्हा. बँकेचे व्याज प्रमाणपत्र समोर ठेवून १,१०,००० च धरले, आणि एआयएसमध्ये दुसऱ्या ओळीवर ती माहिती दुसऱ्या नोंदीत आलेली असल्याचा अभिप्राय दिला.

टीडीएसच्या तक्त्यात बँकेचा टॅन (कर कापणाऱ्याचा क्रमांक) आणि २२,००० आधीच भरून आले होते. पण त्यापुढचे दोन रकाने रिकामे राहतात: कुठल्या प्रकारचे उत्पन्न, आणि त्यावरची एकूण रक्कम. पहिल्यात 'इतर उत्पन्न', दुसऱ्यात १,१०,०००. हे न भरता टीडीएस मागितला तर फॉर्म अडतो, किंवा रिटर्न जाते आणि नंतर कलम १३९(९) ची सदोष रिटर्नची नोटीस येते. तिला उत्तर द्यायला १५ दिवस असतात.

एक लहान पण वैताग आणणारी गोष्ट. सेवा केंद्रातल्या संगणकावर कन्नड कीबोर्ड चालू राहिलेला असतो, आणि रकान्यात कन्नड किंवा देवनागरी अक्षर गेले की "अवैध माहिती" एवढेच येते. पत्ता दुसरीकडून चिकटवू नये, तो हाताने रोमनमध्ये टाइप करावा.

पडताळणी, रिफंड आणि राहिलेले वर्ष

८ सप्टेंबरला रिटर्न गेले. पडताळणी त्याच दिवशी आधार ओटीपीने झाली, कारण आता मोबाइल बाईंच्या हातात होता. पडताळणीला ३० दिवस मिळतात. ते उलटले तर पडताळणीची तारीखच रिटर्नची तारीख धरली जाते आणि वेळेत भरलेले रिटर्न उशिराचे ठरते. ओटीपी कुठल्याच मार्गाने येत नसेल तर आयटीआर-व्ही ही पोचपावती छापून, सही करून, त्याच ३० दिवसांत बेंगळुरूच्या सीपीसीला (आयकर खात्याच्या रिटर्न केंद्राला), पिन ५६०५००, स्पीड पोस्टने पाठवता येते.

रिफंडवर महिन्याला अर्धा टक्का व्याज असते, २२,००० वर ११० रुपये. पण पॅन निष्क्रिय असलेल्या काळाचे व्याज मिळत नाही, त्यामुळे ते ५ सप्टेंबरपासूनचेच. रिफंड खात्यातून परत गेला तर 'रिफंड रीइश्यू' ची विनंती द्यायची असते. इथे ती वेळ आली नाही.

एक काम मात्र तेवढ्यावर संपत नाही. एप्रिल २०२५ ते ऑगस्ट २०२५ या महिन्यांतही पॅन निष्क्रियच होते, तेव्हा त्या तिमाहींचे व्याजही २० टक्क्यांनी कापले गेले. ते पुढच्या रिटर्नमध्ये मागायचे. ठेवीच्या बँकेला पॅन चालू झाल्याचा 'लिंक आधार स्टेटस' चा छापील कागद आणि १५एच दोन्ही द्यायचे. ज्येष्ठांसाठीची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून एक लाख झाली असली तरी बाईंचे व्याज १,१०,००० आहे, म्हणून १५एच लागतोच. सप्टेंबर तिमाहीचे टीडीएस विवरण भरायची बँकेची मुदत ३१ ऑक्टोबर असते. नोव्हेंबरमध्ये पोर्टलवरून २६एएस (पॅनवर कापलेल्या कराचे पत्रक) उघडून कापणी थांबली का ते पाहायचे, आणि थांबली नसेल तर त्याच कागदांची झेरॉक्स घेऊन पुन्हा शाखेत जायचे.